फ्लॉपीतली मूळ गावं
(मंडळाच्या श्रावणातील कौटुंबिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला विषय दिला होता ‘संगणक आणि मराठी’. विषय मोठा आहे आणि मी काही मोठा माणूस नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला, राज्य शासनाच्या नोकरीत लागलो, आता पंचेचाळिशी आली. ऑफिसात माझं काम फायलींचं. त्यामुळे विषय मी माझ्या सोयीने लहान करून घेतला आहे. आज मी एका फ्लॉपीबद्दल बोलणार आहे. तिच्यात आपल्याच घरांची नावं आहेत, म्हणून थोडं तांत्रिक आलं तरी ऐकून घ्या.

यंदा पाडव्याच्या सुमारास आपल्या मंडळातल्या एका मुलीचा पुण्याहून फोन आला. ती तिथे शिकायला आहे. म्हणाली, “काका, इथे सगळे विचारतात तुमचं मूळ गाव कोणतं. मी उज्जैन सांगते, तर म्हणतात, ते नाही, त्याच्या आधीचं. आजोबांना ठाऊक होतं, बाबांना नाही. तुमच्या बाबांच्या वहीत होतं ना?”

होतं. माझे बाबा बरीच वर्षं मंडळाचे कोषाध्यक्ष होते. वर्गणीला घरोघरी जायचे तेव्हा पावतीबरोबर एक लांबट वही न्यायचे. घराण्याचं नाव, मूळ गाव, माळव्यात कोण आलं आणि केव्हा आलं, हे विचारून लिहून घ्यायचे. कोणी शिंद्यांच्या फौजेबरोबर आलेले, कोणी संस्थानच्या दप्तरात कारकून म्हणून, कोणी फार नंतर, गिरणीत किंवा शाळेत नोकरीला. ती वही मंडळाच्या कपाटात होती. कपाटाला वाळवी लागली, ते आपल्याला कळलं तेव्हा आत पुठ्ठा आणि माती एवढंच उरलं होतं. बाबाही आता नाहीत. राहिली फक्त फ्लॉपी, आणि ती मी १९९९ साली अशा पद्धतीने लिहिली होती की माझ्याशिवाय कोणाला वाचता येऊ नये. यंदा कळलं की मलाही येत नाही.

आता थोडं मागे जातो.

१९९६ ते १९९९ मी पॉलिटेक्निकला होतो. प्रयोगशाळेत काळ्या पडद्याचे संगणक, डॉसवर चालणारे, आणि त्यावर निळ्या रंगाचं टर्बो सी. पुस्तक बहुतेकांचं एकच, नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’. नागपूरचा मराठी माणूस सबंध हिंदुस्थानाला सी शिकवतोय याचा आम्हा दोन-तीन मराठी पोरांना उगाच अभिमान वाटायचा. वर्गात जोशी आडनावाचा एक मुलगा होता. त्याला सगळे ‘व्हायरस’ म्हणायचे, कारण १९९० मध्ये भारतात सापडलेला एक व्हायरस खरोखरच ‘जोशी’ नावाचा होता. ५ जानेवारीला तो मशीन अडवून ठेवायचा आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप केल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही. ते असो.

पडद्यावर अक्षर उमटवायचे तेव्हा तीन रस्ते होते. पहिला म्हणजे डॉसला सांगणं. डॉस पुढे बायॉसला सांगतं, बायॉस जागा बघतं, अक्षर ठेवतं, कर्सर सरकवतं, आणि पुढच्या अक्षराला पुन्हा तेच. सरकारी फायलीसारखं, प्रत्येक टेबलावर थांबून. दुसरा रस्ता थेट बायॉसला सांगण्याचा, एक टेबल कमी. तिसरा रस्ता असा की कोणालाच सांगायचं नाही. संगणकाच्या मेमरीत एक पट्टा असा होता की तिथे जे लिहाल ते पडद्यावर दिसतंच. प्रोग्रामसाठीची मेमरी ६४० केबीला संपायची आणि त्याच्या वर ही व्हिडिओ मेमरी. रंगीत पडद्याच्या अक्षरांसाठी तिचा पत्ता हेक्साडेसिमलमध्ये बी ८००, आपल्या आकड्यांत ७,५३,६६४ वा बाइट. घर नंबर ठाऊक झाला की पोस्टमनची गरज नाही.

पडद्यावर २५ ओळी, एका ओळीत ८० अक्षरं, म्हणजे २००० घरं. प्रत्येक घराला दोन बाइट. पहिल्यात अक्षराचा क्रमांक, दुसऱ्यात रंग. सगळे मिळून ४००० बाइट. मोजणी शून्यापासून, म्हणून बाराव्या ओळीतलं चाळिसावं घर हवं असेल तर बारा गुणिले ऐंशी अधिक चाळीस, त्याची दुप्पट, २०००. तिथे ‘ए’चा क्रमांक ६५ टाकला आणि २००१ वर १४ टाकले की पडद्याच्या बरोबर मध्ये पिवळा ‘ए’. मी तो पहिल्यांदा उमटवला तेव्हा शेजारच्याला हलवून दाखवलं. त्याला काही विशेष वाटलं नाही. प्रिंटएफने पण ‘ए’ येतो की, म्हणाला. मग मी दोन्हींनी सबंध पडदा भरून दाखवला. प्रिंटएफने अक्षरं वरून खाली धावताना दिसतात, थेट लिहिलं तर पडदा एकदम बदलतो, पान उलटल्यासारखा.

ही काही आमची चलाखी नव्हती. त्या काळची वेगवान पॅकेजं असंच करत. लोटस १-२-३ हिशेबाचा तक्ता इतका झरझर सरकवायचं ते थेट पडद्यावर लिहून. म्हणूनच एखादा संगणक खरोखर आयबीएमसारखा आहे का हे बघायला लोक त्यावर लोटस चालवून पाहत. टर्बो सीमध्ये तर त्यासाठी ‘डायरेक्टव्हिडिओ’ नावाचं एक चलच होतं. एक असलं की छपाई थेट मेमरीत, शून्य केलं की बायॉसमार्फत. सुरुवातीच्या सीजीए कार्डांवर घाईने लिहिलं तर पडद्यावर बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके उडत, कारण कार्ड वाचत असतानाच आपण लिहीत असायचो. आमच्या वेळेपर्यंत व्हीजीए आलं होतं, तो त्रास नव्हता.

आता रंगाच्या बाइटबद्दल एक सांगून ठेवतो, पुढे लागणार आहे. त्याचे आठ भाग. चार अक्षराच्या रंगाचे, तीन मागच्या रंगाचे, आणि सर्वांत वरचा आठवा भाग चालू केला की अक्षर लुकलुकतं. साधं करडं अक्षर म्हणजे ७, आणि त्यात १२८ मिळवले, १३५ झाले, की तेच अक्षर लुकलुकायला लागतं. सोळा रंगांत भगवा नव्हता. होता तो तपकिरी नाहीतर पिवळा. पण व्हीजीएवर कुठल्याही रंगातलं लाल, हिरवं, निळं यांचं प्रमाण ० ते ६३ असं बदलता येतं. त्या वर्षी मंडपात तुम्ही पाहिला तो भगवा असा कालवलेला होता.

संध्याकाळी मी फ्रीगंजमधल्या एका संगणकाच्या क्लासमध्ये शिकवायचो. पगाराऐवजी रात्री मशीन वापरायला मिळायचं. भैरवगढहून सायकलने यायचो. एका रात्री पाऊस फार होता म्हणून बाबा मला घ्यायला स्कूटरवर आले आणि मागे उभे राहून बघत बसले. म्हणाले, “हे सगळं इंग्रजीतच का? माझं नाव मराठीत लिहून दाखव.”

तसं मराठी त्याआधीच संगणकावर आलेलं होतं. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी जिस्ट नावाचं तंत्र घडवलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि ते काम तिथे गेलं. संगणकात बसवायचं एक कार्डच मिळायचं. प्रोग्रामने फक्त अक्षराचा क्रमांक द्यायचा. कोणतं अक्षर कोणाला कसं जोडलं जाईल, वेलांटी कुठे बसेल, हे कार्ड ठरवायचं. त्यामुळे डीबेस, वर्डस्टार अशी अक्षरी पडद्यावरची इंग्रजी पॅकेजंही देवनागरीत चालत. पण ते कार्ड एका विद्यार्थ्याच्या खिशातलं नव्हतं. मला वाटलं, पडद्यावर थेट लिहिता येतं, तर मराठी मी स्वतःच उमटवीन. वय वीस असलं की असंच वाटतं.

व्हीजीएला २५६ अक्षरांचे नमुने लागतात. प्रत्येक नमुना आठ ठिपके रुंद, सोळा ठिपके उंच, म्हणजे सोळा बाइट. तो तक्ता आपण स्वतः बनवून कार्डाला देऊ शकतो. बाबांचं अक्षर चांगलं होतं. मी आलेखाचा कागद आणला आणि त्यांनी क पासून ळ पर्यंत अक्षरं चौकटी भरून काढून दिली. तीन आठवडे रोज जेवणानंतर हेच. आई म्हणायची, दोघांनी मिळून बाराखडी गिरवायला घेतलीय. ते कागद मी जपून ठेवले नाहीत.

मात्रांचा प्रश्न होता. एका घरात एकच अक्षर, वर मात्रा आणि खाली उकार चढवायची सोय नाही. मग मी एका मराठी ओळीला तीन इंग्रजी ओळी दिल्या. मधल्या ओळीत अक्षर आणि काना, वरच्या ओळीत मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार, खालच्या ओळीत उकार. पंचवीस ओळींत मराठीच्या आठ ओळी बसल्या, एक उरली.

पहिल्यांदा बाबांचं नाव उमटलं तेव्हा ते चष्मा वर करून पुढे वाकले आणि म्हणाले, “अरे, रेघ तुटलीय.”

खरंच तुटली होती. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर आपापली शिरोरेघ, पण दोन अक्षरांच्या मध्ये केसाएवढी काळी फट. मी नमुने पुन्हा तपासले, रेघ आठही ठिपक्यांवर होती. चार दिवस गेले तेव्हा कारण सापडलं. व्हीजीए अक्षराला आठ नाही, नऊ ठिपक्यांची जागा देतं. नववा ठिपका रिकामा, म्हणजे इंग्रजी अक्षरं एकमेकांना चिकटत नाहीत. इंग्रजीला ते सोयीचं. आपल्याला नाही, आपली अक्षरं हात धरूनच उभी राहतात.

पण त्यात एक अपवाद होता. चौकटी काढायच्या रेघांची जी चिन्हं असतात त्यांना फट चालत नाही, म्हणून १९२ ते २२३ या क्रमांकांसाठी कार्ड आठवा ठिपकाच नवव्या जागी पुन्हा काढतं. किती क्रमांक झाले? बत्तीस. आणि आपली व्यंजनं? ङ आणि ञ सोडा, नावांत ती लागत नाहीत. क ख ग घ चार, च छ ज झ चार, ट ते ण पाच, त ते न पाच, प ते म पाच, य र ल व चार, श ष स ह ळ पाच. बत्तीस! मी त्या रात्री स्कूटरवर मागे बसून बाबांना हेच सांगत होतो आणि त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

क झाला १९२, ळ झाला २२३. एक अडचण आली. आठवा ठिपका दोनदा निघतो, मग अक्षराचा उभा दंड तिथे असला तर तोही दुप्पट जाड होतो. म्हणून दंड सातव्यावर सरकवला आणि आठव्यावर फक्त शिरोरेघ ठेवली. आमच्या शेजारी छीपा कुटुंब आहे, भैरवगढच्या छपाईचं काम पिढ्यान्पिढ्या करणारं. चाचा लाकडी ठप्प्याने चादरीची किनार छापत होते तेव्हा मी ही हकिगत त्यांना सांगितली. ते म्हणाले, “बेटा, किनारी में सारा काम जोड़ का है. बूटा तो कोई भी छाप लेता है.” आणि दाखवलं की ठप्प्याच्या कडेची रेघ मुद्दाम किंचित पुढे काढलेली असते, पुढचा ठप्पा तिच्यावर बसतो. मी ज्यासाठी चार दिवस डोकं फोडलं ते त्यांच्या अंगणात रोज चालू होतं.

तरी काना राहिलाच. काना आणि अर्धी अक्षरं त्या बत्तिसांत मावत नव्हती, म्हणून प्रत्येक कान्यानंतर फट. ‘नाना’ लिहिलं की दोन तुकडे. शेवटी मी सगळ्या पडद्यालाच नऊऐवजी आठ ठिपके घ्यायला लावले. कार्डाच्या एका रजिस्टरमधला एक बिट बदलायचा असतो. तो बदलला आणि पडदा वेडावाकडा झाला, मॉनिटरमधून बारीक शीळ यायला लागली. मी घाबरून बटण बंद केलं, मशीन क्लासचं होतं. पुढे समजलं की ओळ लहान झाली पण ठिपक्यांचा वेग तोच राहिला, त्यामुळे मॉनिटरला झेपेना. त्याबरोबर घड्याळही २८ ऐवजी २५ मेगाहर्ट्झचं निवडावं लागतं. ते केलं, आणि रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग आली. बाबा म्हणाले, “आता बरोबर.” एवढंच म्हणाले.

मग १९९९ चा गणेशोत्सव. आपल्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल, मंडपात डाव्या बाजूला संगणक ठेवला होता आणि त्यावर घराण्यांची यादी फिरत होती. बाबांनी वही वाचायची, मी टाइप करायचं, असं ऑगस्टभर चाललं. एका पडद्यावर आठ घरं. कार्डाच्या मेमरीत एका वेळी असे आठ पडदे राहतात, ते आळीपाळीने दाखवायचे. एकूण पडदे झाले सव्वीस.

बाबांची एक अट होती. काही घरांनी मूळ गाव सांगितलं होतं पण त्यांनाच नक्की ठाऊक नव्हतं, कोणी ऐकीव सांगितलं होतं, एका ठिकाणी दोन भावांनी दोन गावं सांगितली होती. वहीत बाबा अशा ठिकाणी पेन्सिलीने फुली करायचे. म्हणाले, “खात्री नाही ते लुकलुकू दे.” तर ती नावं १३५ ने उमटवली. मंडपात काही जणांना वाटलं आपलं नाव मानाने चमकतंय. बाबांनी कोणाचा गैरसमज दूर केला नाही.

चूक मी इथे केली. यादी साठवायची वेळ आली तेव्हा मला वेगळा विचार करायची गरजच वाटली नाही. पडद्याची ४००० बाइट मेमरी आहे, ती जशीच्या तशी उचलून फाइलीत ओतली. सव्वीस पडदे, सव्वीस फाइली. दाखवायचं असलं की फाइल उचलून परत मेमरीत ओतायची. एका ओळीचा प्रोग्राम. मला तो फार देखणा वाटला होता.

म्हणजे मी नावं साठवलीच नव्हती, नावांचं चित्र साठवलं होतं. फाइलीत ‘जोशी’ कुठेच नाही. तिथे फक्त अमुक घरात अमुक क्रमांकाचा नमुना, एवढं. तो नमुना कसा दिसतो हे सांगणारा तक्ता वेगळ्या फाइलीत, आणि ती फाइल फ्रीगंजच्या त्या मशीनच्या हार्ड डिस्कवर. क्लास कधीच बंद झाला. प्रिंटर त्या वेळीही आमच्या उपयोगाचा नव्हता. त्याला माझे नमुने ठाऊक नव्हते, यादी छापली की कागदावर चौकटींच्या रेघा निघायच्या. म्हणून कागदावर प्रत नाही.

जिस्टवाल्यांनी हे आधीच ओळखलं होतं. अक्षराचा क्रमांक वेगळा आणि अक्षराचं रूप वेगळं, या दोन गोष्टी त्यांनी सोडवून ठेवल्या. त्यातूनच पुढे इस्की नावाचं भारतीय मानक आलं, १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ते काढलं. त्यात क चा क्रमांक ठरलेला, मग तो देवनागरी दिसो की गुजराती. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, आणि तिच्यातली भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली. आज तुमच्या मोबाइलमध्ये क म्हणजे २३२५. उज्जैनमध्ये, पुण्यात, न्यू जर्सीतही. मी एकट्याने ठरवलं होतं की क म्हणजे १९२, कारण तिथे रेघ जुळत होती.

आणि हे फक्त माझ्यासारख्या पोराने केलं असं समजू नका. मध्य प्रदेशातल्या ऑफिसांमध्ये वर्षानुवर्षं कृतीदेव फॉन्टवर काम झालं. त्यात क दिसतो तो आतून इंग्रजी ‘डी’ असतो. फॉन्ट काढला की सबंध आदेश इंग्रजी अक्षरांचा खिचडा. मी रोज असल्या फायली बदलत असतो, त्यासाठी बदलायचे तक्ते मिळतात. माझ्या लिपीचा तक्ता जगात एकच होता आणि तो गेला.

फोन आला त्या रविवारी मी फ्लॉपी शोधली. देव्हाऱ्याच्या खालच्या खणात, बाबांच्या पेन्शनच्या कागदांबरोबर होती. यूएसबीला लावायचा फ्लॉपी ड्राइव्ह इंदूरहून मागवला. सव्वीसपैकी चोवीस फाइली वाचता आल्या. शेवटच्या दोन नाही, त्या जागी फ्लॉपी खराब झाली आहे. आताच्या ६४ बिट विंडोजवर डॉसचे जुने प्रोग्राम चालत नाहीत, पडद्याच्या मेमरीला हात लावणं तर सोडाच. पण डॉसबॉक्स नावाचा एक फुकट प्रोग्राम जुना संगणक त्याच्या व्हीजीए कार्डासकट हुबेहूब उभा करतो. त्यात फाइल ओतली. पडदाभर चौकटींच्या रेघा, कोपरे, ग्रीक अक्षरं. आणि मधेमधे काही ओळी लुकलुकत होत्या.

मी थोडा वेळ तसाच बसलो. अक्षर एकही वाचता येत नव्हतं, पण रंगाचा बाइट तक्त्यावर अवलंबून नसतो. तो मी पंचवीस वर्षांपूर्वी ठेवला तसाच होता. बाबांना कुठे खात्री नव्हती ते दिसत होतं, कशाबद्दल ते दिसत नव्हतं. एकोणीस ठिकाणं मोजली.

व्यंजनं मला पाठ होती, १९२ पासून ओळीने. आठ ठिपक्यांचा मार्ग सापडल्यावर त्या क्रमाची गरज राहिली नव्हती, पण मी आळसाने तो बदलला नव्हता, आणि तेच कामाला आलं. मात्रा, काना आणि अर्धी अक्षरं मात्र जिथे जागा दिसली तिथे ठेवलेली, असे साठेक अनोळखी क्रमांक. मोडी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे, ऱ्हस्व-दीर्घ दिसत नसलं तरी सरावाने वाचता येतं. इथे तर काहीच दिसत नव्हतं.

सुरुवात जोशींपासून केली. त्यांची घरं सगळ्यांत जास्त. १९८ म्हणजे ज, मग एक अनोळखी, २१९ म्हणजे श, मग पुन्हा तोच अनोळखी. दोन्हीकडे तोच, म्हणजे तो काना. वरच्या ओळीत पहिल्या कान्यावर एक खूण आणि दुसऱ्यावर वेगळी, म्हणजे एक मात्रा आणि दुसरी वेलांटी. एका आडनावात तीन चिन्हं सुटली. पुढे देशपांडे आले, अनुस्वार मिळाला. कुळकर्ण्यांनी पहिला उकार आणि रफार दिला. वैद्यांनी दोन मात्रा आणि द्य दिला. पूर ने संपणाऱ्या गावांनी दुसरा उकार दिला. एक क्रमांक फक्त दोनदा येत होता, तो काही केल्या सुटेना. आमच्या गल्लीतल्या काकूंना मी उरलेल्या ओळी वाचून दाखवल्या, “ग, काना, मात्रा, मग काहीतरी, मग ह, मात्रा.” त्या कुकरची शिट्टी मोजत होत्या. तिथूनच म्हणाल्या, “गोऱ्हे. गेले ते लोक आता देवासला.” तो अर्धा र होता, ऱ्ह मधला. दुसरी जागा मग आपोआप कऱ्हाड झाली.

तीन आठवडे लागले. बाबांबरोबर अक्षरं काढायलाही तेवढेच लागले होते. चोवीस पडदे, १९२ घरं. पैकी १८१ नक्की लागली. ११ ठिकाणी गावाच्या नावात एखादं जोडाक्षर एकदाच आलं आहे, त्याला दुसरी साक्ष नाही. उदाहरणार्थ एका ठिकाणी ग, मग एक जोडाक्षर, मग ‘गाव’ एवढंच हाती आहे.

पुण्याच्या मुलीचं घर सापडलं. रत्नागिरी जिल्ह्यातलं एक गाव आहे. नोंद लुकलुकणारी आहे. मी तिला फोनवर गाव सांगितलं आणि हेही सांगितलं की बाबांना त्याची खात्री नव्हती. ती दिवाळीच्या सुट्टीत जाऊन विचारणार आहे.

आता यादी मी पुन्हा टाइप केली आहे, या वेळी युनिकोडमध्ये, साध्या फाइलीत. तिच्या प्रती मंडळाकडे, माझ्याकडे आणि दोघा तरुण सभासदांकडे आहेत. मी १९९९ साली शहाण्यासारखा वागून नावं नुसती अक्षरांनी साठवली असती, तर ती केव्हाच वाचता आली असती, पण बाबांच्या फुल्या त्यात आल्याच नसत्या. त्या वेळी मला त्या साठवायचं सुचलंच नसतं. म्हणून नव्या यादीत एक रकाना जास्त ठेवला आहे, ‘खात्री नाही’. त्यात त्या एकोणीस नोंदी जशा होत्या तशा आहेत. माझ्या ११ वेगळ्या दाखवल्या आहेत. बाबांची शंका आणि माझी शंका एकत्र करायची नाही.

तर विनंती अशी. गणेशोत्सवाचे दहाही दिवस ही यादी मंडपात प्रसादाच्या टेबलाजवळच्या फळ्यावर लावलेली असेल. दोरीला पेन्सिल बांधली आहे. आपलं नाव, गाव बघा. चुकलं असेल तर खोडू नका, शेजारी लिहा. यादी अकारविल्हे होती, त्यामुळे न वाचता आलेल्या पंचविसाव्या आणि सव्विसाव्या पडद्यावर स च्या पुढची घरं होती. साने, साठे, सोमण, हर्डीकर या मंडळींनी कृपा करून थांबावं, त्यांची माहिती नव्याने लिहून घ्यायची आहे. घरात कोणी ज्येष्ठ असतील तर त्यांना घेऊन या, किंवा मी येतो.

आणखी एक. त्या वर्षी मंडपात बऱ्याच जणांनी संगणकासमोर उभं राहून फोटो काढले होते. जुने अल्बम काढून पाहा. मागे पडद्यावर नावं दिसत असतील तर तो फोटो मला दोन दिवस द्या. तसल्या मॉनिटरचा फोटो काढला की मधे काळा पट्टा येतो, तो आला असला तरी चालेल, उरलेलं वाचता येतं. माझ्या त्या नमुन्यांपैकी एखादं अक्षर कसं दिसत होतं हेही त्यातूनच कळेल. मी रोज आरतीनंतर टेबलाशी असतो.